सूर मारणारं विमान आणि दोन नोंदवह्या

पाम बीच रस्त्यानं नेरुळहून बेलापूरकडे जाताना खाडीच्या अंगाला करावे गाव लागतं. आगरी-कोळी वस्तीचं हे जुनं गाव. भात, मीठ आणि मासळी यांवर इथल्या पिढ्या जगल्या. याच गावाच्या हद्दीत 'टी. एस. चाणक्य' उभी आहे. व्यापारी जहाजांवरचे अधिकारी इथं तयार होतात. या संस्थेची परंपरा १९२७ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी माझगावसमोर नांगरलेल्या 'डफरिन' या जहाजावर भारतीय मुलांना व्यापारी नौकानयनाचं शिक्षण द्यायला सुरुवात झाली. १९७२ मध्ये 'डफरिन'ची जागा 'राजेंद्र'नं घेतली आणि १९९३ मध्ये हे शिक्षण पाण्यावरून जमिनीवर, करावे इथं आलं. १९५८ मध्ये भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झालेले रामदास कटारी हे 'डफरिन'च्या पहिल्याच तुकडीतले विद्यार्थी.

भारतातल्या प्रत्येक दर्यावर्दी माणसाला ५ एप्रिल ही तारीख ठाऊक असते. १९१९ साली याच दिवशी सिंधिया कंपनीचं 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघालं. त्या सफरीची आठवण म्हणून १९६४ पासून हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ५ एप्रिलला आणखी एक घटना घडली होती, पण तिची आठवण आपल्याकडे फारशी निघत नाही. १९४२ च्या ५ एप्रिलला ईस्टरचा रविवार होता. त्या सकाळी जपानच्या विमानवाहू नौकांवरून उडालेली विमानं कोलंबोवर आली आणि त्याच दुपारी ब्रिटिशांच्या दोन मोठ्या क्रूझर हिंदी महासागराच्या तळाशी गेल्या. दुपारचं ते काम एकाच जातीच्या विमानानं केलं. आइची कंपनीचं ते विमान म्हणजे जपानी नौदलाचं 'नमुना ९९' डाइव्ह बॉम्बर.

या प्रकरणाचा विषय हे विमान आणि त्याच्यावरची संदर्भपुस्तकं असा दुहेरी आहे. ही पुस्तकं संग्राहक जपून ठेवतात, जुन्या बाजारात शोधत फिरतात आणि मिळाली की पान न् पान तपासून घेतात. हा नाद फुकाचा नाही. कारण हे विमान आज जवळपास कुठंच उरलेलं नाही. ते जे काही उरलं आहे, ते या पुस्तकांतच.

घड्याळांच्या कंपनीतून आकाशात

आइची ही नागोयाची कंपनी. घड्याळं आणि विद्युत उपकरणं बनवता बनवता ती विमानांकडे वळली. १९३० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात जपानी नौदलाला सूर मारून बॉम्ब टाकणारं विमान हवं होतं, तेव्हा आइचीनं जर्मनीच्या हाइन्केल कंपनीच्या दुपंखी विमानावरून आपलं पहिलं डाइव्ह बॉम्बर घडवलं. १९३६ मध्ये नौदलानं नवी मागणी पुढे केली. आता एकपंखी, संपूर्ण धातूचं आणि जास्त वेगवान विमान हवं होतं. स्पर्धेत आइचीबरोबर नाकाजिमा आणि मित्सुबिशी याही कंपन्या होत्या.

आइचीच्या अभियंत्यांनी हाइन्केलच्या हे-७० विमानाचे लंबवर्तुळाकार पंख डोळ्यांपुढे ठेवले. चाकं आत ओढून घेण्याची यंत्रणा मात्र त्यांनी जाणूनबुजून टाळली. तिचं वजन आणि गुंतागुंत लक्षात घेता तो सौदा परवडणारा नव्हता. म्हणून चाकांवर प्रवाहरेखी आवरणं चढवली आणि चाकं कायम खालीच राहिली. पहिल्या नमुन्याची चाचणी-उड्डाणं जानेवारी १९३८ मध्ये सुरू झाली. तो अंगानं अशक्त आणि वळताना अस्थिर निघाला. मग त्याला मित्सुबिशीचं जास्त ताकदीचं 'किन्सेई' इंजिन बसवलं, पंखांत फेरफार केले आणि शेपटीच्या पुढे पाठीवरून धावणारी लांब पाख जोडली. या पाखेनं विमान सरळ रेषेत राहू लागलं. डिसेंबर १९३९ मध्ये नौदलानं ते स्वीकारलं. जपानी शाही कालगणनेत ते वर्ष २५९९ होतं, म्हणून त्याला 'नमुना ९९' असा क्रमांक मिळाला.

पंखांची लांबी १४ मीटरहून थोडी जास्त, माणसं दोन: पुढे वैमानिक आणि मागे निरीक्षक, रेडिओ व मागची मशिनगन सांभाळणारा. पोटाखाली २५० किलोंचा एक बॉम्ब आणि पंखांखाली ६० किलोंचे दोन. सरळ उड्डाणात वेग ताशी सुमारे ३८५ किलोमीटर. १९४२ च्या लढाऊ विमानांशी तुलना केली तर हा वेग काहीच नव्हे. पुढच्या सुधारित नमुन्यात १,३०० अश्वशक्तीचं इंजिन आलं आणि वेग ४३० किलोमीटरपर्यंत गेला. दोन्ही नमुने मिळून १,४९५ विमानं बांधली गेली, त्यांतली २०१ शोवा कंपनीनं.

दोस्त राष्ट्रांच्या लिखाणात या विमानाला 'व्हॅल' म्हटलेलं आढळतं. जपानी नावं लक्षात ठेवणं अवघड जातं म्हणून ऑस्ट्रेलियात अमेरिकी कॅप्टन फ्रँक मॅकॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोपी टोपणनावं ठरवली. लढाऊ विमानांना पुरुषांची आणि बॉम्बर विमानांना बायकांची. ही पद्धत १९४२ च्या उत्तरार्धात रुळली. त्यामुळे एप्रिल १९४२ मध्ये कोलंबोच्या बंदरात या विमानाकडे पाहणाऱ्या कुणालाही 'व्हॅल' हे नाव माहीत नव्हतं. एखाद्या लेखात त्या दिवसाच्या साक्षीदाराच्या तोंडी हे नाव आलं, तर ते मागाहून घातलेलं आहे हे ओळखावं.

सूर मारण्याचं गणित

समुद्रावर धावणारं जहाज वरून नेमकं टिपणं फार अवघड असतं. तीन हजार मीटरवरून सरळ उडत बॉम्ब सोडला, तर पाण्यापर्यंत यायला त्याला सुमारे २५ सेकंद लागतात. २७ नॉट वेगानं जाणारी क्रूझर सेकंदाला १४ मीटर कापते. म्हणजे बॉम्ब हवेत असतानाच ती साडेतीनशे मीटर पुढे सरकते. क्रूझरची स्वतःची लांबी दोनशे मीटरही नसते. कप्तानानं वेळीच सुकाणू फिरवलं तर बॉम्ब रिकाम्या पाण्यात पडतो.

डाइव्ह बॉम्बर हा वेळच कापून टाकतं. वैमानिक उंचावर येतो, विमान एका अंगावर झुकवतो आणि साधारण ६० अंशांच्या उतारानं जहाजावर सूर मारतो. करावेच्या खाडीवर खंड्या मासळी टिपतो तसा. पाचेकशे मीटरवर बॉम्ब सोडला की पाण्याला टेकायला त्याला चारेक सेकंद पुरतात. तेवढ्यात जहाज पन्नास-पंचावन्न मीटर सरकतं, म्हणजे आपल्या लांबीच्या तिसऱ्या भागाइतकंही नाही. शिवाय विमानाचीच दिशा आणि वेग बॉम्बला मिळालेला असतो, त्यामुळे तो वैमानिकाच्या नजरेच्या रेषेतच जातो.

यात दोन यांत्रिक अडचणी होत्या. पहिली वेगाची. विमान असंच खाली सोडलं तर वेग इतका वाढतो की नेम धरायला वेळ उरत नाही आणि वर खेचताना पंखांवर जीवघेणा ताण येतो. म्हणून पंखांच्या खालच्या बाजूला पट्ट्या बसवलेल्या होत्या. सूर मारताना त्या हवेच्या आडव्या फिरवायच्या, की विमानाला लगाम लागायचा. दुसरी अडचण पंख्याची. तीव्र उतारावर पोटाखालून सुटलेला बॉम्ब स्वतःच्याच पंख्यावर आदळू शकतो. त्यासाठी बॉम्ब एका झुलत्या चौकटीवर टांगलेला असे. सुटताना ती चौकट खाली-पुढे झोका घेई आणि बॉम्ब पंख्याच्या घेराबाहेर नेऊन सोडी. नेमासाठी वैमानिकापुढच्या काचेतून बाहेर आलेली दुर्बिणीसारखी नळी असे.

हे सगळं विमानात होतं. उरलेलं सगळं माणसाच्या हातात होतं आणि तो हात तयार व्हायला वर्षं लागत. १९४१-४२ मध्ये जपानच्या विमानवाहू नौकांवर असे तयार हात मोठ्या संख्येनं होते. या विमानाचा दरारा त्यांच्यामुळे होता. पुढच्या दोन वर्षांत ते हात एकेक करून गेले आणि तेच विमान, जास्त ताकदीच्या इंजिनासकट, निष्प्रभ ठरलं.

एप्रिल १९४२: हिंदी महासागर

७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर दोन लाटांमध्ये मिळून या जातीची १२९ विमानं गेली होती. त्यानंतर चार महिन्यांच्या आत व्हाइस ॲडमिरल नागुमो पाच विमानवाहू नौका घेऊन हिंदी महासागरात शिरले: 'अकागी', 'सोर्यू', 'हिर्यू', 'शोकाकू' आणि 'झुइकाकू'. ब्रिटिशांचा पूर्वेकडचा ताफा ॲडमिरल जेम्स सॉमरव्हिल यांच्या हाताखाली होता. त्याचा गुप्त तळ मालदीवच्या अड्डू बेटांत होता. ४ एप्रिलला कॅनडाच्या हवाई दलाचे लेनर्ड बर्चल यांच्या कॅटलिना विमानानं जपानी ताफा पाहिला, खबर पाठवली आणि लगेच ते पाडलं गेलं. बर्चल युद्धकैदी झाले. त्यांच्या इशाऱ्यामुळे कोलंबो बंदरातली बरीच जहाजं वेळेत बाहेर पडली.

५ एप्रिलच्या सकाळी कोलंबोवर सुमारे सव्वाशे विमानं आली. त्यांत ३८ डाइव्ह बॉम्बर होती. दुपारी शोधविमानांना दक्षिणेकडे धावणाऱ्या दोन क्रूझर दिसल्या: 'डॉर्सेटशायर' आणि 'कॉर्नवॉल'. पहिलीनं आदल्या वर्षी जर्मनांची 'बिस्मार्क' ही युद्धनौका बुडवण्यात भाग घेतला होता. लेफ्टनंट कमांडर ताकाशिगे एगुसा ५३ डाइव्ह बॉम्बर घेऊन निघाले. सूर्य पाठीशी ठेवून, तीन-तीनच्या गटांनी, एकामागून एक विमानं खाली आली. पहिला बॉम्ब पडल्यापासून दोन्ही जहाजं बुडेपर्यंत सुमारे वीस मिनिटं गेली. ४२४ माणसं मेली. उरलेली १,१२२ माणसं भर समुद्रात, तेलानं माखलेल्या पाण्यात आणि मोजक्या होड्यांच्या आधारानं, दुसऱ्या दिवशी 'एंटरप्राइझ' क्रूझर आणि दोन विनाशिका येईपर्यंत तग धरून राहिली.

चार दिवसांनी, ९ एप्रिलला, त्रिंकोमालीची पाळी आली. तिथल्या बंदरावरचा हल्ला सरळ उडत बॉम्ब टाकणाऱ्या विमानांनी केला. डाइव्ह बॉम्बर राखून ठेवली होती, ती जहाजांसाठी. बट्टिकलोआच्या किनाऱ्यालगत विमानवाहू 'हर्मिस' सापडली. विमानवाहू नौका म्हणूनच आराखडा करून बांधायला घेतलेली ही जगातली पहिली नौका, पण त्या दिवशी तिच्यावर एकही विमान नव्हतं. ८५ डाइव्ह बॉम्बर तिच्यावर सोडली गेली. 'हर्मिस' बुडाली आणि तिच्यावरची ३०७ माणसं गेली. सोबतची ऑस्ट्रेलियन विनाशिका 'व्हॅम्पायर', कॉर्वेट 'हॉलिहॉक' आणि दोन तेलवाहू जहाजंही गेली. ब्रिटिशांनी 'हर्मिस' हे नाव पुढे दुसऱ्या विमानवाहू नौकेला दिलं. तीच नौका १९८७ मध्ये भारतीय नौदलात 'विराट' म्हणून दाखल झाली आणि मार्च २०१७ मध्ये मुंबईत निवृत्त झाली. मुंबईकरांनी गेटवेवरून जी 'विराट' वर्षानुवर्षं पाहिली, तिच्या आधीच्या नावामागे बट्टिकलोआच्या समुद्रातली ही कहाणी आहे.

हल्ल्यानंतर सॉमरव्हिल यांनी संथ युद्धनौका पूर्व आफ्रिकेतल्या किलिंदिनीला पाठवल्या आणि वेगवान जहाजं मुंबईला आणली. काही दिवस का होईना, बंगालच्या उपसागरात ब्रिटिशांचा एकही मोठा ताफा उरला नव्हता.

विमान गेलं, कागद उरले

या १,४९५ विमानांपैकी एकही आज मूळ स्थितीत, संपूर्ण असं उभं नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या फ्रेडरिक्सबर्गच्या युद्धसंग्रहालयात एका विमानाचा सांगाडा डागडुजी न करता ठेवला आहे. कॅलिफोर्नियातल्या चिनोच्या संग्रहालयाकडे काही अवशेष आहेत. बाकीची विमानं समुद्रात, प्रशांत महासागरातल्या बेटांच्या रानात किंवा भंगाराच्या भट्टीत संपली. कित्येक विमानं शेवटच्या वर्षात आत्मघाती हल्ल्यांत वापरली गेली. १९७० च्या 'तोरा! तोरा! तोरा!' या चित्रपटात दिसणारी 'व्हॅल' विमानं म्हणजे रूप बदललेली अमेरिकी प्रशिक्षण विमानं. याच्या जागी आलेलं 'सुइसेई' बॉम्बर निदान टोकियोच्या यासुकुनी मंदिराच्या संग्रहालयात उभं दिसतं. 'नमुना ९९'ला ते भाग्य लाभलं नाही.

कागदांचंही तेच झालं. ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागती आणि दोस्त सैन्याचं आगमन यांच्या मधल्या दिवसांत जपानी लष्करी कार्यालयांनी ढिगांनी दप्तरं जाळली. त्यामुळे नंतरच्या संशोधकांना वाचलेल्या पथकांच्या दैनंदिन्या, कैद्यांचे जबाब, अवशेषांची मोजमापं, छायाचित्रं आणि जिवंत राहिलेल्या वैमानिकांच्या आठवणी यांतून हे विमान पुन्हा उभं करावं लागलं. म्हणूनच या विषयावरचं चांगलं संदर्भपुस्तक म्हणजे कित्येक वर्षांच्या जुळवाजुळवीचं फळ असतं.

यातलं पायाभूत पुस्तक रेने फ्रँसियों यांचं, प्रशांत महासागरातल्या युद्धातल्या जपानी विमानांवरचं. लंडनच्या पुटनम प्रकाशनानं ते १९७० मध्ये काढलं. प्रत्येक विमानाचा जन्म, फेरफार, मोजमाप आणि बांधणीची संख्या एका जागी देणारं इंग्रजीतलं असं दुसरं पुस्तक त्या काळी नव्हतं. या एका विमानावरचं सविस्तर इंग्रजी पुस्तक पीटर सी. स्मिथ यांनी १९९९ मध्ये दिलं. जपानी कागदपत्रांच्या आधारानं पथकांचा इतिहास लिहिण्याचं काम ओसामु तागाया यांनी ऑस्प्रेच्या मालिकेतल्या पुस्तकात केलं. टोकियोच्या बुनरिन्दो प्रकाशनाची नामांकित विमानांची मालिका तर मॉडेल बनवणाऱ्यांच्या जिव्हाळ्याची. मजकूर जपानी असला तरी तिच्यातली छायाचित्रं आणि रेखाटनं बोलकी असतात. आणि या सगळ्यांच्या मागे जपानच्या संरक्षण संशोधन संस्थेचा 'सेन्शी सोशो' हा १०२ खंडांचा अधिकृत युद्धेतिहास उभा आहे. त्याचा २६ वा खंड याच मोहिमेवर, डच ईस्ट इंडीज आणि बंगालच्या उपसागरातल्या नौदल कारवायांवर आहे. २०१८ मध्ये लायडेनहून त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला, त्यामुळे जपानी न येणाऱ्या वाचकालाही आता हल्ला करणाऱ्यांची बाजू मुळातून वाचता येते.

चांगलं संदर्भपुस्तक ओळखावं कसं? पहिली कसोटी म्हणजे ते फरक दाखवतं का. पहिल्या नमुन्याच्या पंख्याचं नाक उघडं असतं, सुधारित नमुन्यावर टोकदार टोपी येते आणि मागच्या काचेचा आकार बदलतो. दुसरी कसोटी खुणांची. पर्ल हार्बरच्या वेळी शेपटीवरच्या अक्षरांनी नौका कळे आणि आकड्यांनी काम: शंभराच्या मालिकेतले आकडे लढाऊ विमानांना, दोनशेचे डाइव्ह बॉम्बरना आणि तीनशेचे टॉर्पेडो विमानांना. धडावरचा पट्टा 'अकागी'ला लाल, 'सोर्यू'ला निळा, 'शोकाकू'ला पांढरा. पुसट छायाचित्रातलं एखादं अक्षर किंवा पट्टा पाहून ते विमान कोणत्या नौकेचं, हे सांगता येतं. तिसरी आणि सर्वांत मोठी कसोटी म्हणजे दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी ठेवले आहेत का. कोलंबोवर जपान्यांची सात विमानं गेली, त्यांतली सहा डाइव्ह बॉम्बर. ब्रिटिश बाजूनं त्या दिवशी केलेले दावे याहून बरेच जास्त होते. गोळ्यांच्या धुरात एकच विमान तिघांना आपणच पाडलं असं वाटतं. जे पुस्तक केवळ एका बाजूचा दावा छापतं, ते कितीही देखणं असलं तरी संदर्भ म्हणून अपुरं आहे.

मुंबईत अशी पुस्तकं हुतात्मा चौकाच्या पदपथावर किंवा एखाद्या निवृत्त नौदल अधिकाऱ्याच्या घरची कपाटं रिकामी होताना हाती लागतात. घेताना वेष्टन, घडीचे नकाशे आणि रंगीत पानं शाबूत आहेत का ते पाहावं, कारण मॉडेल बनवणारे बहुधा तीच कापून घेतात. जुन्या मालकानं समासात केलेल्या दुरुस्त्या दिसल्या तर त्या खोडू नयेत. जाणत्या वाचकाची टीप मूळ मजकुराइतकीच मोलाची ठरते. खाडीकाठच्या हवेत या पुस्तकांचा खरा शत्रू दमटपणा आहे. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं ओल धरली की एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना छायाचित्रं सोलून निघतात. पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवू नयेत, उभी ठेवावीत, पावसाळ्यात पंधरवड्यानं उघडून हवा द्यावी आणि कसर लागली आहे का ते पाहावं.

दुसरी नोंदवही

हे सगळं विमानाच्या बाजूचं झालं. त्या सुराच्या खाली असलेल्या माणसांची नोंदवही मुंबईतच आहे.

मस्जिद बंदरच्या भागात भारतीय खलाशांसाठी बांधलेलं 'इंडियन सेलर्स होम' आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या भारतीय नाविकांच्या नावांची वही तिथं ठेवलेली आहे आणि तिचीच जुळी प्रत चितगावला आहे. रॉयल इंडियन नेव्हीचे सुमारे चारशे आणि व्यापारी जहाजांवरचे सहा हजारांहून अधिक, अशी ती नावं. या माणसांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर डेकची कामं करणारे कितीतरी खलाशी रत्नागिरी, कच्छ आणि सौराष्ट्रातून मुंबई बंदरात भरती होत. स्वयंपाकघर आणि सलून सांभाळणाऱ्यांत गोव्याचे लोक मोठ्या संख्येनं असत. सारंग, तांडेल, सुखाणी, खलाशी, आगवाला ही त्यांच्या कामाची उतरंड. बॉयलरपाशी काम करणाऱ्या आगवाल्याला वर काय चाललं आहे हे दिसतही नसे.

१९४२ च्या सुरुवातीपासूनच हे लोक मरत होते. जानेवारीत सिंधिया कंपनीची 'जलराजन', 'जलतरंग' आणि 'जलपालक' ही जहाजं जपानी पाणबुड्यांनी बुडवली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात व्हाइस ॲडमिरल ओझावा यांचा दुसरा जपानी ताफा बंगालच्या उपसागरात फिरत होता आणि ६ एप्रिलला त्यानं भारताच्या पूर्व किनाऱ्यालगत जहाजांचा संहार मांडला. त्या दिवसांत वीसहून अधिक व्यापारी जहाजं बुडाली. ब्रिटिश इंडिया कंपनीची 'मालदा' आणि 'इंदोरा' त्यांतलीच. ६ एप्रिललाच रॉयल इंडियन नेव्हीची 'इंडस' ही स्लूप ब्रह्मदेशातल्या अक्याबजवळ जपानी विमानांच्या बॉम्बनं बुडाली, आणि विशाखापट्टणम व काकिनाडा इथंही बॉम्ब पडले.

इथं पहिली नोंदवही, म्हणजे विमानांवरची संदर्भपुस्तकं, दुसरीच्या उपयोगाला येते. विशाखापट्टणमवर 'व्हॅल' विमानं आली असं विधान सहज केलं जातं. संदर्भपुस्तक उघडलं की ते टिकत नाही. ओझावांच्या ताफ्यात एकच विमानवाहू नौका होती, छोटी 'र्यूजो', आणि त्या मोहिमेत तिच्यावर डाइव्ह बॉम्बर नव्हती. पूर्व किनाऱ्यावर बॉम्ब टाकले ते तिच्यावरच्या टॉर्पेडो-बॉम्बर जातीच्या विमानांनी. डाइव्ह बॉम्बर होती ती नागुमोंच्या पाच नौकांवर, कित्येक मैल दक्षिणेला. कोणत्या माणसाला कोणत्या शस्त्रानं मारलं हे बरोबर सांगणं ही मृतांबद्दलची आदराची गोष्ट आहे आणि ते सांगण्याची सोय विमानांच्या पुस्तकात आहे.

आता उलट बाजू पाहा. विमानांच्या पुस्तकात ९ एप्रिलच्या पानावर 'हर्मिस'वर किती बॉम्ब लागले, टक्केवारी किती, कोणतं पथक आधी गेलं हे सापडतं. बुडालेल्या जहाजांची नावं टनांच्या आकड्यांसह येतात. त्या टनांच्या मागे किती खलाशी होते आणि ते कुठल्या गावचे, याचा तिथं पत्ता नसतो. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत मृत्यूची तारीख, जहाज आणि हुद्दा असतो. अनेकांच्या पुढे वडिलांचं नाव आणि गावही असतं. ५, ६ आणि ९ एप्रिल १९४२ या तीन तारखांच्या नोंदी वेगळ्या काढून त्या 'सेन्शी सोशो'च्या २६ व्या खंडातल्या हल्ल्यांच्या वेळांशी जुळवल्या, तर कोकणातल्या एखाद्या गावाला आपला खलाशी कुठं, कोणत्या वेळी आणि कसा गेला हे प्रथमच नेमकं सांगता येईल.

हे काम करायला जागा आणि माणसं मुंबई परिसरातच आहेत. व्हाइस ॲडमिरल मनोहर अवटी यांनी १९७८ मध्ये मुंबईत सागरी इतिहासाचा अभ्यास करणारी मेरिटाइम हिस्ट्री सोसायटी उभी केली. फलटणजवळच्या विंचुर्णीत अखेरपर्यंत राहिलेल्या या मराठी दर्यावर्दीला आपला सागरी इतिहास आपणच लिहावा असं मनापासून वाटे. आणि करावे इथं दर वर्षी नवी मुलं याच व्यवसायात पाऊल टाकायला येतात. नकाशावर स्थान मांडणं, वेग आणि अंतर यांचा हिशेब करणं, जहाजाची रोजनिशी वाचणं हे त्यांना अभ्यासक्रमातच शिकवलं जातं. १९४२ च्या नोंदी जुळवायला नेमकी हीच कौशल्यं लागतात. एकेका विद्यार्थ्यानं एकेक जहाज घेतलं, तर एका वर्षात वीसहून अधिक जहाजांची कहाणी तारीख, स्थान, हल्ला आणि नावनिशीसह तयार होऊ शकते.

संग्राहकांनीही आपल्या कपाटाचा विस्तार करावा. डाइव्ह बॉम्बरवरचं दुर्मीळ पुस्तक मिळवण्यासाठी जो माणूस वर्षानुवर्षं धडपडतो, त्याच्यापाशी तपशिलाची भूक, चुका हेरणारी नजर आणि कागद जपण्याची सवय असते. तीच ताकद त्यानं मृत खलाशांच्या यादीकडे वळवावी. पुस्तकाच्या समासात, ९ एप्रिलच्या पानाशेजारी, त्या दिवशी गेलेल्या भारतीय नाविकांची पडताळलेली नावं लिहावीत. शस्त्राची माहिती अचूक असावी, आणि त्या शस्त्राखाली सापडलेल्या माणसाची माहितीही तितकीच अचूक असावी. युद्धावरच्या संदर्भपुस्तकानं यापेक्षा कमी मान्य करू नये.